मिरचीच्या पथारीवरून जाणारं इमान

मागच्या अंकात जुन्या रेडिओविषयी एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो होतो, की आमच्या दोंडाईच्याला ज्यांच्या घरी घड्याळ नव्हतं त्यांची सकाळ डाकोटा या दोन इंजिनांच्या, पंख्याच्या विमानाच्या आवाजावर ठरायची. त्या एका वाक्यावर साक्रीपासून रावेरपर्यंतची पत्रं आली. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या पत्रांना देतो. मी पुढे आयुष्यभर विमानांच्या इंजिनांवर काम केलं, आणि त्यातली पहिली वर्षं डाकोटावरच गेली. पण बऱ्याच जणांनी विचारलंय ते त्याच्याही आधीचं, माझ्या लहानपणाचं.

प्रश्न : तुमचं बालपण १९५०च्या आसपासचं. तेव्हा खानदेशात विमानतळ नव्हता. मग दोंडाईच्याला रोज विमान कुठून यायचं? की अधूनमधून दिसलेलं आठवणीत रोजचं झालं? – एक शिक्षिका, अमळनेर

बाई, शंका रास्त आहे. जळगावची धावपट्टी १९७३ सालची. त्याआधी प्रवासी विमान उतरावं अशी जागा आपल्याकडे नव्हती, आणि आमचं विमान उतरायचंही नाही. ते वरून जायचं.

शाळेतला मोठा नकाशा भिंतीवरून उतरवा आणि मुंबईच्या सांताक्रुझपासून इंदूरपर्यंत एक दोरा ताणून धरा. दोरा त्र्यंबकेश्वराच्या जवळून निघतो, सप्तशृंगीच्या गडाला लागून साक्रीच्या शेजारून जातो, दोंडाईचा आणि शिंदखेडा यांच्या मधून तापी ओलांडतो आणि सातपुड्यात शिरतो. मुंबई-दिल्ली असा दोरा ताणलात तर तो नवापूरच्या डोक्यावर येईल. सरळ रेषेत मुंबई-इंदूर पाचशे किलोमीटर. डाकोटा ताशी पावणेतीनशेच्या आसपास चालायचं, म्हणजे मुंबईहून सुटल्यावर सव्वा तासाच्या आत ते आमच्या गावावर. पुढे इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर करत दिल्लीला. वैमानिक होकायंत्र, घड्याळ आणि खालच्या नद्या-डोंगर यांच्यावर भरवसा ठेवून जात, त्यामुळे कधी ते बरोबर डोक्यावर येई, कधी शिंदखेड्याच्या अंगाने निघून जाई. पण येई.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची डाकोटा विमानं इथेच मागे राहिली. ती स्वस्तात विकली गेली आणि देशात विमान कंपन्यांचं पीक आलं. १ ऑगस्ट १९५३ला सरकारने अशा आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी केली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा माझ्यासाठी विमान म्हणजे मिरचीची पथारी.

माझे वडील मिरचीच्या बाजारात मापाडी होते आणि आई पथारीवर रोजाने जायची. ज्यांनी पथारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दिवाळीनंतर ओली लाल मिरची यायला लागली की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ती पसरतात, उलटीपालटी करतात, वाळवतात, देठ खुडतात. जिकडे पाहाल तिकडे जमीन लाल. बाया नाकातोंडावर पदर बांधून रांगेने बसलेल्या. वाऱ्याची झुळूक आली की सगळी रांग खोकते. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर तिथेच असायचो.

आवाज आधी यायचा. डोळ्यांना काही दिसायच्या दोन-तीन मिनिटं आधीच नैऋत्येकडून एक जाड, खालच्या पट्टीतली घरघर सुरू व्हायची, पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी. सगळ्यांचे हात थांबायचे. मग कुणीतरी पोर ओरडायचं, "दख रे, इमान उनं!" बघ रे, विमान आलं. पाठीवरून सूर्य चमकला की चांदीच्या माशासारखं दिसायचं ते. निघून गेल्यावरही सातपुड्याकडून आवाज येत राहायचा. आई प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायची, "त्यामा मानसं बठेल शेतस का रे?" त्यात माणसं बसलेली आहेत का. कुणाकडेच उत्तर नव्हतं. सरकारी टपाल जातं म्हणे, असं एक म्हातारी ठामपणे सांगायची.

आईची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढच्या एका प्रश्नात तिचा उलगडा येणार आहे. काही दिवशी विमानाचा आवाज एकसंध नसायचा. तो हेलकावे खायचा, मोठा होई, लहान होई, पुन्हा मोठा. आई मान वर न करता म्हणायची, "आज एक बैल मांगे पडी ऱ्हायना." एक बैल मागे पडतोय.

पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमानही खालून जायचं आणि पंखाखालची अक्षरं दिसायची. आम्हाला इंग्रजी अक्षरं अजून शिकवली नव्हती. मी कोळशाने ती आमच्या ओट्यावर काढून ठेवली: एक चिमट्यासारखं, एक खुंटीसारखं, पुढची तीन दिसली नाहीत. मग ती दोन एका कागदावर काढून स्टेशनवर तारबाबूंना दाखवली. ते म्हणाले, "व्हीटी." झालं! गावभर आम्ही सांगितलं, की हे विमान मुंबईच्या बोरीबंदरहून, व्हीटी स्टेशनातून सुटतं. कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत हेच खरं होतं. व्हीटी हा ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानच्या विमानांना मिळालेला नोंदणीचा संकेत आहे. आजही आपल्या प्रत्येक प्रवासी विमानाच्या अंगावर तो असतो. पण नोकरीला लागल्यावर ती अक्षरं रंगवलेल्या पंखाखाली मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा मला आमचा ओटाच आठवला.

तेव्हा बाई, अधूनमधून नाही. रोज.

प्रश्न : त्या काळचा विमानतळ आतून कसा असे? आमच्या पिढीला काचा, सरकते जिने आणि तपासणीच्या रांगाच माहीत. – एक विद्यार्थी, धुळे

माझा पहिला विमानतळ १९५४ सालच्या हिवाळ्यातला, सांताक्रुझ. मुंबईची पहिली नागरी धावपट्टी जुहूची, १९२८ सालापासूनची. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकट्याने उतरले ते तिथेच. सांताक्रुझ हे युद्धकाळातलं लष्करी ठाणं, ते पुढे नागरी विमानांना मिळालं.

माझा मामा तिथे विमानात पेट्रोल भरणाऱ्या गाडीवर कामाला होता आणि वाकोल्याला राहायचा. वडील आणि मी रात्रीच्या पॅसेंजरने सुरतेला गेलो, तिथे गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मामाच्या खोलीवर पोचलो. तिसऱ्या दिवशी पहाटे मामाने आम्हाला नेलं.

बाळा, कल्पना कर: कमरेएवढा लाकडी कठडा, आणि कठड्यापलीकडे साठ-सत्तर पावलांवर विमान. मधे काही नाही. निरोप द्यायला आलेली माणसं हार, नारळ घेऊन कठड्याला टेकलेली. विलायतेला निघालेल्या एका मुलाची आजी सारखी डोळे पुसत होती, आणि तो विमानाच्या शिडीवरून मागे वळून हात हलवत होता. तिला तो दिसत होता. नीट, नाकाडोळ्यांसकट.

माझ्या वडिलांनी मात्र वेगळंच पाहिलं. आत एका कोपऱ्यात मोठा काटा होता. सामान तोललं जात होतं आणि मग प्रवाशांनाही त्यावर उभं करत होते. सुटाबुटातले साहेब गुमान काट्यावर चढत होते आणि एक कारकून वजन लिहून घेत होता. वडील जन्मभराचे मापाडी. ते पुढे सरकले, काट्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले, "काटा खरा शे." त्यानंतर त्यांना विमानाबद्दल भीती म्हणून राहिली नाही. जिथे काटा खरा असतो तिथलं काम खरं असतं, असा त्यांचा हिशेब होता. वजन का घेतात ते मला पुढे शिकायला मिळालं: विमानाने किती ओझं उचलायचं एवढ्यावर भागत नाही, ते ओझं नाकाकडे किती आणि शेपटीकडे किती हेही मोजावं लागतं. बैलगाडीत पोती मागे जास्त झाली की जू वर उचललं जातं, तसंच.

उभं असलेलं डाकोटा बसलेल्या बैलासारखं दिसतं. पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक छोटं, त्यामुळे नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला. दार मागच्या बाजूला, डाव्या अंगाला. आत शिरलं की आपल्या खुर्चीपर्यंत चक्क चढ चढावा लागतो. पंखांची रुंदी ९५ फूट. मामा पंखावर उभा राहून वरूनच पेट्रोल भरायचा. मोठ्या नरसाळ्यावर मऊ चामडं ताणलेलं असे. पेट्रोल त्यातून झिरपून खाली जायचं, पाण्याचा थेंब असला तर तो वर राहायचा. भरून झालं की टाकीत पट्टी बुडवून मोजायचं. पेट्रोलला प्रतीप्रमाणे रंग घातलेला असे, म्हणजे चुकीचं भरलं जाऊ नये. पुढे एअर इंडियाच्या सुपर कॉन्स्टेलेशनला लागायचं ते तर चक्क जांभळं, वांग्याच्या सालीसारखं.

कॉन्स्टेलेशनही मी त्याच दिवशी पाहिलं. तीन शेपट्या, चार इंजिनं, पाठीला बाक. वडील म्हणाले, त्रिशूळ आहे. ८ जून १९४८ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलेलं एअर इंडियाचं पहिलं विमान त्याच घराण्यातलं. त्याचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. १९५०च्या नोव्हेंबरात ते माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि आतले ४८ जण गेले. मामाने हे आम्हाला कठड्याशीच, आवाज खाली करून सांगितलं. त्याने त्या विमानात पेट्रोल भरलेलं होतं. "घरचं जनावर गेल्यासारखं झालं," म्हणाला.

बाकी तिकिटाची खिडकी, बाकडी, चहा हे एस. टी. स्टँडवर असतं तसंच होतं, जरा स्वच्छ.

प्रश्न : मी भुसावळच्या लोको शेडमध्ये नोकरी केली. आमचं वाफेचं इंजिन तयार करायला तास न् तास जायचे. पंख्याच्या विमानाला असं काही लागायचं का? मी लहानपणी ओझरला एका विमानाचा पंखा माणसं हाताने फिरवताना पाहिली होती. तो काय प्रकार? – एक निवृत्त फिटर, भुसावळ

दादा, तुमच्या प्रश्नाची मी वाट पाहत होतो. ज्याने वाफेचं इंजिन हाताळलं त्याला डाकोटाचं इंजिन दोन वाक्यांत समजेल.

ते ट्विन वास्प नावाचं इंजिन. १४ सिलिंडर, पण ओळीने नव्हे, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले. सात पुढे, सात मागे. थंड व्हायला पाणी नाही, वाराच. उड्डाणाच्या वेळी प्रत्येक इंजिनाची ताकद १२०० अश्वशक्ती. पुढे तीन पात्यांचा पंखा, त्याचा व्यास साडेअकरा फुटांचा.

आता हाताने फिरवण्याचं. इंजिन रात्रभर उभं राहिलं की अंगातलं तेल पाझरून तळाच्या सिलिंडरांत जमतं. कारण गोल मांडणीत काही सिलिंडर उलटे लोंबकळतात, डोकं खाली. तेल काही दाबून लहान होत नाही. तशात बटण दाबलं आणि पिस्टन जोराने त्या तेलावर गेला, तर पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून सकाळी पहिलं काम: इग्निशन बंद असल्याची खात्री करून दोघातिघांनी एकेक पातं ओढत दहा-बारा पाती फिरवायची. हात आपोआप शिकतात. मध्येच पातं अडलं तर कधीही जोर करायचा नाही. खालचे प्लग काढायचे, तेल वाहू द्यायचं, मग पुढे. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझा हात पात्यावर ठेवून सांगितलं होतं, की अडलेल्या इंजिनाशी ताकद लावणारा माणूस मला नको. तुमच्या शेडमध्येही असं सांगणारं कुणीतरी असेल.

मग सुरू करताना एक माणूस आगीचं नळकांडं घेऊन उभा. पंखा दोन-तीन फेरे कुरकुरत फिरतो, एखादा सिलिंडर पेटतो, खोकतो, पांढरानिळा धूर येतो, दुसरा पेटतो, आणि मग सगळे चौदा एकदम लय पकडतात. त्या धुराचा वास, गरम तेल आणि पेट्रोल मिळून, माझ्या कपड्यांना इतका बसलेला असायचा की बायको म्हणायची, तुम्ही जिन्यात असतानाच कळतं. आणि हो, तापवणं होतंच. तेल गरम झाल्याशिवाय इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा नाही. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, त्यांना वीज देणारे दोन वेगवेगळे मॅग्नेटो. जमिनीवरच एकेक मॅग्नेटो बंद करून पाहायचा, फेरे किती घटतात ते काट्यावर वाचायचं. जास्त घटले तर विमान जागेवरच राहणार. साहेब कितीही मोठा बसलेला असो.

आता माझ्या आईचा बैल. दोन इंजिनांचे पंखे तंतोतंत एका गतीने फिरत नसले, एकाचे फेरे दुसऱ्यापेक्षा थोडे कमी पडले, तर दोन आवाज एकमेकांत मिसळून एक हेलकावा तयार होतो. तंबोऱ्याच्या दोन तारा एका सुरात लावताना जसा ऐकू येतो, तसाच. वैमानिक पंख्याची गती बदलणारा दांडा किंचित मागेपुढे करून तो हेलकावा लांबवत लांबवत नाहीसा करतो. हे सगळं कानाने. मला हे १९६३ साली, प्रशिक्षणात, एका जुन्या वैमानिकाने चालत्या डाकोटात शिकवलं. तो म्हणाला, "ऐक, दोघं भांडतायत." मी म्हणालो, "एक बैल मागे पडतोय, सर." त्याने वळून पाहिलं आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

माझ्या आईने. मिरची खुडता खुडता.

प्रश्न : जळगावहून मी नुकतीच पहिल्यांदा विमानाने गेले. विमानाला पंखे पाहून सोबतचे नातेवाईक म्हणाले, आपल्याकडे जुनी विमानं पाठवतात. खरं आहे का? – एक वाचक, जळगाव

नाही, मुली. तू बसलीस ते एटीआर. त्याच्या इंजिनात आणि जेटच्या इंजिनात पोटातलं यंत्र एकाच जातीचं, टर्बाइनचं. फरक इतकाच, की त्याची ताकद सहा पात्यांचा पंखा फिरवायला वापरतात. दोन-चारशे किलोमीटरच्या पल्ल्याला आणि लहान धावपट्टीला तेच परवडतं, इंधनही कमी लागतं. आपल्याकडे या जातीचं पहिलं मोठं विमान म्हणजे व्हायकाउंट. ते इंडियन एअरलाइन्सने १९५७ साली आणलं. त्याचा आवाज डाकोटाच्या मानाने शिट्टीसारखा. आई म्हणायची, हे इमान गुणगुणतं.

मग खरी जेट आली. १९६०मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ आणि १९६४मध्ये इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल. ती इतक्या उंचावरून जायची की आमच्या पथारीवर फक्त एक पांढरी रेघ उमटायची, आणि आवाज विमानाच्या फार मागून यायचा. तू आवाजाच्या दिशेला पाहिलंस तर आभाळ रिकामं! बाया हळूहळू वर पाहीनाशा झाल्या. याचं मला आजही वाईट वाटतं. विमान वेगवान झालं याचं नाही, मी स्वतः जेटवर वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्या इंजिनांवर माझा जीव होता. पण जमिनीवरच्या माणसाचं आणि विमानाचं जे रोजचं एकमेकांकडे पाहणं होतं ते त्या उंचीने संपवलं.

आणि गंमत अशी, की आपल्या खानदेशात नियमित सेवेची म्हणून जी विमानं उतरली ती पंख्याचीच. डिसेंबर २०१७मध्ये 'उडान' योजनेतून जळगाव-मुंबई सुरू झालं ते १९ आसनी लहानसं, पंख्याचं. नंतरची एटीआरही पंख्याची. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर मुलं शिकतात ती विमानंही पंख्याची. तेव्हा नातेवाइकांना सांग, कमी म्हणून नाही, योग्य म्हणून पाठवलंय.

प्रश्न : तुमच्या लेखनात आई नेहमी येतात. त्यांना तुम्ही कधी विमानात बसवलंत का? – एक गृहिणी, नंदुरबार

बसवलं, ताई. १९६६च्या डिसेंबरात. मला नोकरीतला पास मिळाला होता. वडील आले नाहीत. मिरचीचा हंगाम ऐन भरात, आणि काटा दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. आईला मी मुंबईला आणलं आणि सकाळच्या डाकोटाने आम्ही इंदूरला निघालो. मुद्दाम डाव्या खिडकीची जागा घेतली, कारण आपला मुलूख त्या बाजूला दिसणार हे मला पाठ होतं.

हवाई सुंदरीने ताटलीत कापूस आणि गोळ्या आणल्या. कापूस कानात घालायला. डाकोटात हवेचा दाब राखायची सोय नसायची, चढता-उतरताना कान दडपायचे, गोळी चघळली की मोकळे व्हायचे. आईने कापूस कानात घातला आणि गोळ्या पदराच्या गाठीला बांधल्या, धाकट्या बहिणीसाठी. मी सांगितलं, अगं कान दुखतील. म्हणाली, दुखू दे.

अर्ध्या-पाऊण तासाने डोंगरांच्या रांगा सुरू झाल्या आणि मला सप्तशृंगीचा गड ओळखू आला. खालून पाहिला की तो कडा अंगावर येतो. वरून तो उन्हात पडलेला, शांत होता. मी आईला बोटाने दाखवला. सप्तशृंगी आमची कुलदेवता, दर चैत्रात आई गडावर पायी जायची. ती क्षणभर बघत राहिली. मग घाईघाईने वाकून तिने पायातल्या चपला काढल्या, पिशवीत घातल्या, आणि दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसली. देवीच्या डोक्यावरून आपले पाय जातायत, हे तिला सहन होईना. हवाई सुंदरी पट्टा बांधायला सांगायला आली होती. मी तिला कारण सांगितलं. ती नाशिककडची असावी. काही न बोलता तिने पट्टा मांडीवरून तसाच सैल करून बांधून दिला.

त्यानंतर पांझरा दिसली, साक्रीजवळ. आणि गडापासून अर्ध्या तासाने डाव्या अंगाला रेल्वेची रेघ, अमरावती नदीचं वळण आणि त्याच्या कडेला लाल चौकोन. हिरव्या-तपकिरी शेतांमध्ये दहा-पंधरा लाल चौकोन, कुंकवाचे पुडे उघडून ठेवल्यासारखे. पथाऱ्या. मला वाटलं होतं की ओळखता येणार नाहीत, इतक्या उंचावरून आणि बाजूने. आईने माझ्याआधी ओळखल्या. घर दिसत नव्हतं, माणसं दिसत नव्हती, पण तिने तळहात खिडकीच्या काचेला लावला आणि तापी ओलांडेपर्यंत तसाच ठेवला. एवढंच म्हणाली, "त्या बी वर दखत व्हतीन."

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. मीही गेलो होतो बरोबर. सकाळी विमान आलं, हात थांबले, पोरं ओरडली. आईने पदर तोंडावरून खाली केला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मानसं बठेल ऱ्हातस त्यामा. आनि त्यासले आपन दिसतस."

प्रश्न : मुलांना खरं डाकोटा दाखवायचं आहे. कुठे मिळेल? – एक पालक, शहादा

दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात आहे. शिवाय हवाई दलाकडे 'परशुराम' नावाचं एक उडतं डाकोटाही आहे. ते इंग्लंडमध्ये दुरुस्त करून २०१८मध्ये भारतात उडवत आणलं गेलं. पालमला गेलात तर मुलांना आधी शेपटीकडून दाखवा, मग पंखाखालून पुढे न्या. तिथे इंजिनाखाली थोडं वाकून वर पाहायला सांगा: सात सिलिंडर पुढे, त्यांच्या फटींतून मागचे सात. मोजू द्या त्यांना.